टोकियोत व्हिज्युअल केईचा अनेक बँडांचा कार्यक्रम पाहायला जाताना

व्हिज्युअल केई ही जपानी रॉकची अशी शाखा आहे की तिच्यात वाजवण्याइतकाच मान रंगभूषेला, केसांना आणि वेशभूषेला असतो. चिबा प्रांतातल्या तातेयामाचे बालमित्र योशिकी आणि तोशी यांनी १९८२ मध्ये सुरू केलेला एक्स, म्हणजे १९९२ नंतरचा एक्स जपान, आणि त्याच्या आगेमागे आलेले बक-टिक, लुना सी, मालिस मिझेर यांसारखे बँड यांच्यामुळे ही शाखा घरोघरी पोहोचली. भारतातल्या बहुतेकांना मात्र ती ॲनिमेच्या, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकांच्या, शीर्षकगीतांतून भेटते आणि तिथून पुढचा प्रवास यूट्यूबवर होतो. जपानला जाण्याचा योग आला की साहजिकच प्रत्यक्ष कार्यक्रम पाहावासा वाटतो. अशा वेळी एकट्या बँडचा कार्यक्रम पाहावा की अनेक बँडांचा, असे कोणी विचारले तर मी अनेक बँडांचाच सुचवतो, कारण या शाखेचे खरे दैनंदिन जीवन तिथेच चालते. जपानीत एकाच बँडच्या कार्यक्रमाला ‘वनमन’ आणि अनेक बँडांच्या कार्यक्रमाला ‘ताइबान’ म्हणतात.

मोठ्या सभागृहांतले महोत्सवही होतात. लुना सीने २०१५ मध्ये माकुहारी मेस्सेला भरवलेला लुनाटिक फेस्ट आणि त्याच ठिकाणी ऑक्टोबर २०१६ मध्ये तीन दिवस चाललेला व्हिज्युअल जपान समिट ही त्यांची ठळक उदाहरणे. पण असे सोहळे नेमके आपल्या सहलीच्या तारखांना असतील याची खात्री नसते आणि तिथली व्यवस्था कोणत्याही मोठ्या मैदानी कार्यक्रमासारखीच असते. या लेखात लाइव्ह हाउसमधल्या, म्हणजे प्रत्यक्ष वादनाच्या लहान-मध्यम सभागृहातल्या, पाच-सात बँडांच्या कार्यक्रमाचा विचार केला आहे, कारण नवख्या माणसाची गोची होते ती तिथेच.

कार्यक्रम निवडताना

टोकियोत असे कार्यक्रम आठवड्याचे जवळपास सर्व दिवस कुठे ना कुठे असतात. इकेबुकुरोचे एज हे तळघरातले छोटे लाइव्ह हाउस या शाखेच्या पंचक्रोशीतलेच मानले जाते. शिबुयाच्या दोगेनझाका भागात स्पॉटिफाय ओ-ईस्ट आणि ओ-वेस्ट एकमेकांसमोर उभी आहेत. ओ-ईस्टमध्ये सुमारे १,३०० माणसे मावतात, ओ-वेस्टमध्ये सुमारे ६००. शिंजुकूतल्या काबुकिचो भागातल्या काबुकिचो टॉवरच्या तळघरात एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालेले झेप शिंजुकू यांहून थोडे मोठे आहे. पहिल्या अनुभवासाठी मध्यम आकाराची जागा बरी, कारण फार छोट्या जागेत प्रत्येक जण एकमेकांना ओळखतो आणि आपण काय करतो आहोत हे सगळ्यांना दिसते.

बँडच्या संकेतस्थळावर किंवा समाजमाध्यमांवर कार्यक्रमाचे पत्रक येते ते बहुतांशी जपानीत असते, परंतु त्यातल्या चार गोष्टी ओळखता आल्या की पुरे. ‘ओपन’पुढची वेळ दार उघडण्याची आणि ‘स्टार्ट’पुढची वेळ वादन सुरू होण्याची. ‘एडीव्ही’ ही आगाऊ तिकिटाची किंमत आणि ‘डोअर’ ही त्याच दिवशी दारात घेतलेल्या तिकिटाची; दुसरी साधारण ५०० येनांनी जास्त असते. किमतीच्या शेवटी ‘डी’ या अक्षराला लागून एक कांजी, म्हणजे जपानी चित्रलिपीतली खूण, दिसते, तिचा अर्थ पेयाचे पैसे निराळे असा होतो. आगाऊ तिकीट साधारण ४,००० ते ६,००० येनांपर्यंत पडते.

यादीतला निदान एक बँड तुम्हाला मनापासून आवडत असावा आणि बाकीच्या प्रत्येक बँडची दोन-दोन गाणी आधी ऐकून जावे. हा सल्ला केवळ रसिकतेचा नाही. प्रत्येक बँडच्या ठरावीक गाण्यांना प्रेक्षकांच्या ठरावीक हालचाली असतात, आणि कार्यक्रमाच्या चित्रफिती पाहिल्या असतील तर तिथे उभे राहिल्यावर माणूस अगदीच भांबावून जात नाही.

तिकीट

भारतीय पारपत्रधारकाला जपानचा व्हिसा आधी काढावा लागतो आणि तिकिटाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत, तेव्हा व्हिसा हातात पडल्यावरच तिकिटाच्या मागे लागणे शहाणपणाचे. तिकिटे मुख्यतः इ-प्लस, लॉसन तिकीट आणि तिकीट पिया यांच्यामार्फत विकली जातात. लोकप्रिय कार्यक्रमांची पहिली विक्री सोडत पद्धतीने होते, म्हणजे अर्ज करायचा, निकालाची वाट पाहायची आणि नंबर लागला तर ठरावीक मुदतीत पैसे भरायचे. पैसे कार्डाने किंवा लॉसन, फॅमिलीमार्ट यांसारख्या कोपऱ्यावरच्या दुकानांत रोख भरता येतात आणि कागदी तिकीटही तिथेच छापून मिळते.

अडचण अशी की या सेवांत नाव नोंदवताना बहुधा जपानी मोबाइल क्रमांक आणि जपानी पत्ता मागितला जातो. त्यावर काही उपाय आहेत. परदेशी ग्राहकांसाठी वेगळे इंग्रजी पान असेल तर ते पाहावे, मात्र छोट्या कार्यक्रमांसाठी ते क्वचितच असते. टोकियोत कोणी नातेवाईक किंवा मित्र असेल तर त्याला तिकीट काढायला सांगावे, पण इलेक्ट्रॉनिक तिकीट त्याच्याच फोनवर अडकून राहणार नाही ना, हे त्याच वेळी विचारून घ्यावे.

मला सर्वांत पटणारा उपाय ‘तोरिओकी’चा आहे. अनेक लहान बँड आपल्या संकेतस्थळावरच्या अर्जातून किंवा संदेशातून तिकीट राखून ठेवण्याची विनंती स्वीकारतात. आपले नाव, कार्यक्रमाची तारीख आणि तिकिटांची संख्या कळवायची, आणि त्या दिवशी दारात नाव सांगून आगाऊ तिकिटाच्याच दराने पैसे द्यायचे. परदेशातून कार्डाची खटपट करावी लागत नाही आणि तुम्ही त्या बँडसाठी आलात याची नोंदही आपोआप होते. पुण्यात जपानी शिकलेल्यांची संख्या मोठी आहे. अशा एखाद्या ओळखीच्या व्यक्तीकडून तीन ओळींचा नम्र संदेश लिहून घेतला तर काम सोपे होते. राखून ठेवलेले तिकीट घ्यायला न जाणे मात्र फार वाईट दिसते, त्यामुळे बेत बदलला तर कळवावे.

यांतले काहीच जमले नाही तरी धीर सोडू नये. आठवड्याच्या मधल्या दिवशी छोट्या लाइव्ह हाउसमध्ये होणारे कार्यक्रम क्वचितच हाउसफुल्ल होतात आणि दार उघडल्यानंतर तिथे तिकीट मिळते. अनोळखी माणसाकडून चढ्या भावाने तिकीट घेण्याच्या फंदात कधीही पडू नये. जून २०१९ पासून जपानमध्ये अशा काळ्या बाजाराविरुद्ध कायदा लागू आहे, आणि दारात ओळखपत्र तपासले गेले तर पैसेही जातात आणि संध्याकाळही.

तिकिटावर ‘ए-४५’ असा जो आकडा असतो तो खुर्चीचा नव्हे. या सभागृहांत खुर्च्याच नसतात; तो आत सोडण्याचा क्रम असतो. आधी सगळे ‘ए’वाले, मग ‘बी’वाले आणि शेवटी दारात तिकीट घेतलेले, असे लोक आत जातात.

दारापाशी

कपड्यांचा विचार अनेक जण नको तितका करतात. बँडसारखी वेशभूषा करून येणारे थोडे असतात आणि ती न केल्याने कोणी तुम्हाला कमी लेखत नाही. साधे काळे कपडे, सपाट तळव्याचे बंद बूट आणि बांधता येतील असे केस एवढे पुरेसे आहे. उंच टाचांचे बूट, टोपी आणि डोक्यावर उंच बांधलेला अंबाडा मागच्यांची दृष्टी अडवतात म्हणून टाळावेत. पाठीवरची सॅक आत नेऊ नये. सभागृहातले लॉकर मोजके असतात आणि शनिवार-रविवारी रेल्वे स्थानकातलेही दुपारीच भरतात, तेव्हा सामान हॉटेलवर ठेवून येणे उत्तम. लॉकरसाठी १०० येनांची नाणी खिशात असू द्यावीत. कानांत घालायचे बोळे आठवणीने न्यावेत. तळघरातल्या छोट्या जागेत आवाज अंगावर येतो.

दार उघडण्याच्या अर्धा तास आधी पोहोचावे. रस्त्यावर गर्दी दिसते, पण रांग दिसत नाही, याने गोंधळू नये. कर्मचारी बाहेर येऊन क्रमांक पुकारतो, बहुतेकदा दहा-दहाच्या गटाने, आणि ज्याचा क्रमांक येईल तो पुढे जातो. हे पुकारणे जपानीत आणि भरभर असते, त्यामुळे आपला आकडा जपानीत कसा उच्चारतात ते आदल्या रात्री पाठ करून ठेवावे. शंभराच्या पुढे जास्त सावध राहावे लागते, कारण शंभर ‘ह्याकु’ असले तरी तीनशे ‘सानब्याकु’ आणि सहाशे ‘रोप्प्याकु’ होतात. ऐकताना चुकामूक झालीच तर तिकीट वाया जात नाही. नंतर कधीही आत जाता येते, फक्त पुढची जागा गेलेली असते.

दाराशी तिकीट दिल्यावर पेयाचे पैसे रोख मागतात. ते साधारण ६०० येन असतात, सुट्टे तयार ठेवावेत. त्याच्या बदल्यात एक बिल्ला किंवा चिठ्ठी मिळते आणि ती दाखवून आत एक पेय घेता येते. आणि मग कर्मचारी एक प्रश्न विचारतो: ‘ओमेआते वा?’ म्हणजे तुम्ही कोणत्या बँडसाठी आलात?

पूर्ण संध्याकाळीत याहून महत्त्वाचा क्षण नाही. लहान बँडांना अशा कार्यक्रमात बहुधा ठरावीक संख्येने प्रेक्षक आणण्याची जबाबदारी घ्यावी लागते. संख्या भरली नाही तर उरलेल्या तिकिटांचे पैसे वादकांच्या खिशातून जातात. जास्त माणसे आली तर वरच्या तिकिटांतला वाटा त्यांना मिळतो. कर्मचाऱ्याच्या हातातल्या यादीत प्रत्येक बँडच्या नावापुढे खुणा पडत असतात आणि तुमच्या उत्तराने त्यांतली एक वाढते. ‘सगळेच आवडतात’ असे सौजन्याने म्हटले तर त्याचा फायदा कोणालाच होत नाही. म्हणून एकच नाव घ्यावे आणि ते जपानी लोक उच्चारतात तसे घ्यावे. रोमन लिपीतले नाव आपण वाचतो तसेच तिथे म्हणतात असे नाही. डिर एन ग्रे तिथे ‘दिरु आन गुरेइ’ असतात आणि गॅझेट ‘गाझेत्तो’. उच्चार जमत नसेल तर फोनवर नाव लिहून दाखवावे. आवडीचे दोन बँड असतील तर धाकट्याचे नाव घ्यावे, असे माझे मत.

बहुतेक ठिकाणी एकदा आत गेल्यावर बाहेर जाऊन परत येता येत नाही. त्यामुळे पोटात काही घालूनच जावे. आत खाण्याचे काही मिळेलच असे नाही. शाकाहारी माणसाने स्थानकाजवळच्या दुकानातून उमेबोशी, म्हणजे खारवलेले आंबट फळ, घातलेला भाताचा ओनिगिरी घेतला तर चार-पाच तास निभावतात. पेय म्हणून झाकणाची पाण्याची बाटली मागावी. उघडा पेला हातात धरून गर्दीत उभे राहणे सर्वांनाच त्रासाचे होते.

आत कुठे उभे राहावे

प्रेक्षकांच्या उजव्या हाताची बाजू ‘कामिते’ आणि डाव्या हाताची ‘शिमोते’. नेहमी येणारे चाहते आपला आवडता वादक कोणत्या बाजूला उभा राहतो त्यावरून आपली बाजू ठरवतात. सर्वांत पुढची, कठड्याला लागून असलेली ओळ हे मात्र निराळे प्रकरण आहे. तिथे कोणत्या बँडच्या वेळी कोण उभे राहील हे नियमित येणाऱ्या मुलींनी आपापसांत ठरवलेले असते. काही बँडांच्या चाहत्यांत तर ही ओळ सांभाळणारी एखादी अनुभवी चाहती असते आणि तिला विचारल्याशिवाय कोणी तिथे जात नाही. हा नियम कुठेही लिहिलेला नाही, सभागृहाचा त्याला आधार नाही, आणि काही जपानी चाहत्यांनाही तो जाचक वाटतो. पाहुण्याने त्या वादात पडू नये. चांगला क्रमांक मिळाला असला तरी पहिल्या वेळी ओळ सोडून मागे राहावे.

अनेक बँडांच्या कार्यक्रमाचे वैशिष्ट्य असे की एका बँडचे वादन संपले की त्याचे चाहते पुढची जागा सोडतात आणि पुढच्या बँडचे चाहते तिथे येतात. लग्नात पहिली पंगत उठावी आणि दुसरी बसावी, तशी ही अदलाबदल अगदी शांतपणे होते. तुमचा बँड येण्याआधीच्या मध्यंतरात तुम्हीही हळूच पुढे सरकू शकता, तिसऱ्या-चौथ्या ओळीपर्यंत बिनधास्त. आणि तो संपला की मागे येणे हे तुमच्याकडून गृहीत असते. ज्या बँडशी आपला संबंध नाही त्याच्या वेळी पुढे ठाण मांडून बसणे, आणि तेही हात खाली ठेवून किंवा फोनमध्ये डोके घालून, याहून मोठा असभ्यपणा इथे नाही. मंचावरच्या वादकाला पहिल्या चार ओळीच स्पष्ट दिसतात.

ध्वनी ऐकायचा असेल तर मागे, ध्वनियंत्रणेच्या टेबलापुढे उभे राहावे. तिथे आवाज सर्वांत समतोल असतो, पुढच्या सगळ्या ओळींच्या हालचाली दिसतात, आणि न हलता उभे राहिले तरी कोणाला खटकत नाही. निम्मा कार्यक्रम तिथून पाहावा असे मी आवर्जून सांगेन.

वादन सुरू झाल्यावर

दिवे मंदावतात, बँडची प्रवेशाची धून वाजते आणि पडदा उघडतो. चाहते एकेका वादकाचे नाव घेऊन हाका मारतात. मग पुढच्या ओळी गाण्यानुसार एकसारख्या हालचाली करू लागतात. त्यांना ‘फुरि’ म्हणतात. काही गाण्यांत मुठी वर जातात, काहींत तळवे पंख्यासारखे हलतात. गिटारचा एकल तुकडा सुरू झाला की त्या गिटारवादकाच्या दिशेने दोन्ही हात पसरून, तळवे उघडून, फूल उमलावे तशी मुद्रा करतात; ती ‘साकि’. कमरेतून वाकून केस पुढे-मागे झोकायचे ते ‘ओरितातामी’. पहिल्या ओळीकडे पाहून चार मात्रा मागून केले तरी चालते आणि चुकले तरी कोणी पाहत नाही.

दोन हालचालींपासून मात्र सावध राहावे. एकीत पूर्ण ओळ डावीकडून उजवीकडे आणि परत उड्या मारत सरकते. मध्येच कोणी खांबासारखा उभा राहिला तर दोन्ही बाजूंनी धक्के बसतात, म्हणून सरकता येत नसेल तर गाणे सुरू होतानाच कडेला व्हावे. दुसरी ‘ग्याकुदाइ’, म्हणजे मागच्यांनी पुढच्यांच्या पाठीवर झेप घेऊन मंचाकडे रेटणे. जड ठेक्याच्या बँडांच्या वेळी ती होते. चष्मा असेल तर तेव्हा मागेच असावे.

प्रेक्षकांत बायकांचे प्रमाण खूप जास्त असते. पुरुष वाचकांनी हे लक्षात घेऊन गर्दीत हात वर किंवा छातीशी ठेवावेत, आपल्या उंचीमुळे मागच्या व्यक्तीला काही दिसते की नाही हे एकदा वळून पाहावे, आणि केवळ बायकांसाठी राखलेला भाग असेल तर तो ओलांडू नये. फोन खिशात राहू द्यावा. छायाचित्रण आणि ध्वनिमुद्रण बहुतेक ठिकाणी पूर्ण बंद असते. एखाद्या गाण्यापुरती मुभा असेल तर बँड स्वतः मंचावरून तसे सांगतो. दोन गाण्यांच्या मध्ये गायक बोलत असताना सभागृह शांत असते, तेव्हा मित्राशी केलेली कुजबुजही मंचापर्यंत जाते.

मध्यंतरे आणि वस्तूंची टेबले

प्रत्येक बँडला साधारण २५ ते ३० मिनिटे मिळतात आणि मध्ये वाद्ये बदलायला १० ते १५ मिनिटे जातात. सहा बँड असतील तर पाच वाजता सुरू झालेला कार्यक्रम सव्वानऊच्या सुमारास संपतो, असा हिशेब धरावा. बँडांचा क्रम अनेकदा आधी जाहीर होत नाही. सर्वांत मोठे नाव बहुधा शेवटी असते, पण तुमचा बँड पहिलाही असू शकतो, त्यामुळे सुरुवातीला उशीर करू नये.

मागच्या बाजूला किंवा जिन्याजवळ प्रत्येक बँडचे टेबल असते. टी-शर्ट, सीडी आणि टॉवेल मिळतातच, पण खरी उलाढाल ‘चेकी’ची असते. चेकी म्हणजे वादकाचे झटपट कॅमेऱ्याने काढलेले एकमेव छायाचित्र. साधारण ५०० येनांना, बंद पाकिटात, कोणाचे निघेल ते नशिबावर. नको असलेले निघाले तर चाहत्या आपापसांत अदलाबदल करतात. जमिनीवर किंवा वहीत चेक्या मांडून बसलेली मुलगी दिसली तर आपल्याकडचे चित्र दाखवून खुणेने विचारता येते. नव्या माणसाला ओळख करून घेण्याचा याहून सोपा मार्ग नाही. रोख पैसे जवळ हवेतच. रांगेच्या टोकाला ‘शेवट इथे’ अशी पाटी हातात धरलेली व्यक्ती असते. तुम्ही तिच्या मागे उभे राहिलात की ती पाटी तुमच्या हातात येते आणि पुढचा माणूस येईपर्यंत ती धरायची.

कार्यक्रमानंतर वादक स्वतः टेबलापाशी येत असतील तर दोन वाक्ये बोलून बाजूला व्हावे, मागे रांग असते. पत्र लिहून आणले असेल तर ते तिथे द्यावे किंवा ठेवलेल्या पेटीत टाकावे. घरचे लाडू कितीही प्रेमाने आणले तरी खाद्यपदार्थ सहसा स्वीकारत नाहीत. सभागृहाच्या मागच्या दाराशी वादकांची वाट पाहत थांबणे सर्वत्र निषिद्ध आहे. तसे थांबल्यामुळे सभागृहाशेजारचे रहिवासी तक्रार करतात आणि त्याचा फटका बँडला बसतो.

परतीचा रस्ता

टोकियोतल्या शेवटच्या गाड्या मध्यरात्रीच्या सुमारास सुटतात, आणि चेकीच्या रांगेत साडेदहा कधी वाजतात ते कळत नाही. काबुकिचोतून परतताना दुकानांची पत्रके देणाऱ्या आणि गप्पा मारत सोबत चालू लागणाऱ्या माणसांशी बोलत थांबू नये. अनेक मराठी कुटुंबे निशी-कासाईला राहतात. त्यांच्याकडे उतरला असाल तर इकेबुकुरोहून मारुनोउची मार्गाने ओतेमाची आणि तिथून तोझाई मार्गाने निशी-कासाई हा सरळ रस्ता आहे. मात्र तोझाई मार्गावरची रॅपिड गाडी निशी-कासाईला न थांबता थेट उरायासूला नेऊन सोडते, तेव्हा ओतेमाचीच्या फलाटावर समोर आलेली पहिली गाडी न पकडता फलकावर ‘लोकल’ लिहिलेली पाहूनच चढावे.